‘लई शहाणं लेकरू’: लहानपणीचे हाल आणि मुलांचा स्वभाव

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली कितीतरी गावं ओस पडायला लागतात. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पाण्याचे ड्रम, ताडपत्री, शेळ्या आणि अंगावरची लेकरं भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडं निघतात. थोडी मोठी मुलं आजी-आजोबांपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावातच राहतात. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये सगळे परत.

परत आल्यावर अंगणवाडीच्या दारात लेकरांविषयी ठरलेली बोलणी चालतात. “ह्ये लई किरकिरं झालंय, ऐकनाच गेलंय.” “ह्यो कुणाकडं बी जातोय, लाजत नाही काय नाही.” “हिचा काई तरास नाही बगा, लई शहाणं लेकरू. बसवलं तिथं बसतंय.” पहिला बापावर गेलेला असतो, दुसरा मामावर, तिसरी आजीवर. तीन वर्षांच्या लेकराचा स्वभाव असा उभ्या उभ्या ठरतो आणि शाळा सुटेपर्यंत तोच शिक्का त्याच्यामागं फिरतो.

या तिन्ही वाक्यांत जन्मजात स्वभाव थोडा असतो आणि लेकराच्या पहिल्या दोन-तीन वर्षांची हकिगत बरीच असते. मेंदू, संप्रेरकं आणि बालविकास यांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत झालेल्या संशोधनातून ही हकिगत वाचता यायला लागली आहे. ती जमेल तितकी सोपी करून मांडते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: किरकिरं लेकरू सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं, पण मला जास्त घोर लागतो तो तिसऱ्या, शहाण्या लेकराचा.

जन्माबरोबर काय येतं

स्वभाव उपजतच असतो हे काही खोटं नाही. दोन लेकरं वाढवलेल्या कुठल्याही आईला विचारा. एक पाळण्यातच हसरं होतं आणि दुसऱ्यानं तीन महिने रात्र रात्र जागवलं, असं ती सांगेल. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं १९५६ पासून शंभरावर मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत माग ठेवला. भुकेची-झोपेची वेळ किती नेमकी, नवं माणूस दिसलं की लेकरू पुढं होतं की मागं सरतं, रडणं किती जोराचं, एका गोष्टीत लक्ष किती टिकतं, अशा नऊ गोष्टी ते बघत. त्यांना काही मुलं सहज रुळणारी, काही अवघड आणि काही उशिरा मोकळी होणारी आढळली. एक तृतीयांशाच्या आसपास मुलं यातल्या कुठल्याच गटात नीट बसली नाहीत. गटांपेक्षा त्यांचा दुसरा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. लेकराचं पुढं कसं होणार हे नुसत्या स्वभावावर ठरत नाही, त्या स्वभावाचा घराशी मेळ बसतो की नाही यावर ठरतं, असं त्यांनी दाखवलं.

जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, अनोळखी आवाज, नवे वास दिले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागे. अशी बाळं पुढं बुजरी होण्याचा संभव जास्त होता, तरी त्यातली बरीचशी मोठेपणी बुजरी राहिली नाहीत. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांत वारशाचा वाटा २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे घर, गाव, पोट आणि माणसं यांना भरपूर जागा उरते.

मेरी रॉथबार्ट यांनी स्वभावाची जी मांडणी केली ती रोजच्या वापराला सोपी पडते. लेकरू किती पटकन बिथरतं ही एक बाजू, आणि बिथरल्यावर स्वतःला किती सावरतं ही दुसरी. बिथरणं बरंचसं जन्माबरोबर येतं. सावरणं मात्र पहिल्या पाच-सहा वर्षांत घडत जातं, आणि ते दुसऱ्या माणसाच्या अंगाखांद्यावरच शिकता येतं. लहानपणीचे हाल या दोन्हींत हात घालतात.

अंगातला ऑटो

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा लहानसा भाग जागा होतो. तिथून निघालेला निरोप मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ग्रंथींपर्यंत पोचतो आणि रक्तात आधी अ‍ॅड्रेनालिन, मग कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं उतरतात. छाती धडधडते, अंग ताठतं, रक्तातली साखर वाढते. भूक, झोप, खेळ मागं पडतात. धोका टळला की मेंदू कॉर्टिसॉलचं प्रमाण ओळखून हे सगळं आवरतं घेतो. मोठं माणूस हे आवरण्याचं काम बरंचसं स्वतःचं स्वतः करतं. तान्ह्याला ते येत नाही. त्याच्या वतीनं ते काम आईचा नाहीतर आजीचा हात करतो, ओळखीचा आवाज करतो.

आता धोका वरचेवर आला आणि सावरणारं माणूस कधी आलं, कधी आलंच नाही, तर शरीर आपला हिशेब बदलतं. आपल्याकडं शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि त्यातही कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून शेतकरी मोटारीला ऑटो लावून ठेवतो. लाइट आली की मोटार आपोआप चालू. लाइटचा भरवसा नसलेल्या माणसानं केलेला तो अगदी रास्त इलाज असतो. पण विहिरीत पाणी नसलं तरी ऑटो मोटार चालूच करतो, आणि मोटार जळते. हालात वाढणाऱ्या लेकराचं अंग असाच ऑटो लावून बसतं. आवाज चढला, भांडं आदळलं, की विचार सुचायच्या आत सगळं शरीर तयार. पिऊन आलेल्या बापाच्या घरात ही तयारी लेकराला वाचवते. वर्गात बाईंनी डस्टर टेबलावर आपटला तरी तेच होतं, आणि मग पोरगं तापट आहे असा बोभाटा होतो.

अमेरिकेत सेथ पोलॅक यांनी मुलांना माणसांचे चेहरे दाखवले. आधी पुसट, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारे. घरात मारहाण सोसलेल्या मुलांना रागावलेला चेहरा इतर मुलांच्या कितीतरी आधी, चित्र अर्धवट असतानाच ओळखू आला. रोजच्या सरावानं कमावलेली नजर होती ती. सहा वर्षांचं पोर आईला म्हणतं, “आज आबा गरम हायेत, भाईर जाऊ,” तेव्हा तीच नजर काम करत असते. बेभरवशाच्या घरात वाढलेली मुलं काही बाबतींत, उदाहरणार्थ लक्ष झटकन एकीकडून दुसरीकडं नेण्यात, जास्त तरबेज असू शकतात असंही काही अभ्यास सांगतात. या मुलांकडं नुसती मोडतोड म्हणून बघू नये, ते यासाठी.

ताण म्हटला की सगळाच वाईट, असंही नाही. लसीची सुई, शाळेचा पहिला दिवस, भावंडाशी भांडण हे ताण लेकराला घडवतात. हार्वर्डमधल्या शास्त्रज्ञांच्या गटानं ताणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: अंगी लागणारा, सोसवणारा आणि विषारी. घटना किती मोठी होती यावर हे प्रकार पूर्णपणे ठरत नाहीत. ताण किती दिवस चालला आणि त्या वेळी लेकराला धरायला कोण होतं, यावर बरंच ठरतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंपानं झाला तसा आघात भयंकरच. पण मोठ्या आपत्तींनंतरचे जगभरचे अभ्यास सांगतात, की जवळची माणसं आणि रोजचा क्रम परत मिळाला तर बहुतेक मुलं हळूहळू सावरतात. रोज थोडा थोडा येणारा, नेम नसलेला, वर्षानुवर्षं चालणारा ताण मात्र अंगात मुरतो.

तुटक मिळणारी माया

उसाच्या फडावरचा दिवस जवळून बघितला की ‘नेम नसणं’ म्हणजे काय ते कळतं. पहाटे तीन-चारला उठून आई कोपीपुढं, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपुढं, चूल पेटवते, भाकरी थापते आणि अंधारातच फड गाठते. तान्हं लेकरू पाचटावर अंथरलेल्या लुगड्यात, नाहीतर गाडीखाली बांधलेल्या झोळीत. राखायला पाच-सहा वर्षांची बहीण. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पैसा टनावर मिळतो, त्यामुळं तिचा हात थांबला की दोघांचा रोज बुडतो. लेकरू रडलं की ती ऐकते, पण हातातली मोळी बांधून होईपर्यंत येत नाही. येते, पदराआड घेते, लेकरू नीट लागतं न लागतं तोच मुकादमाची हाक येते. कधी ते झोपेपर्यंत पाजायला मिळतं, कधी चार घोटांत उठावं लागतं. संध्याकाळी कोपीवर आली की पाणी, स्वयंपाक, आणि रात्री ट्रक लागला तर भरायला पुन्हा बाहेर.

कॅलिफोर्नियात टॅली बाराम यांच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग मला इथं फार महत्त्वाचा वाटतो. व्यालेल्या उंदरांच्या माद्यांपैकी काहींना घरटं करायला भरपूर सामान दिलं, काहींना अगदी थोडं. सामान कमी मिळालेल्या माद्या पिल्लांजवळ एकूण वेळ साधारण इतर माद्यांइतकाच घालवत होत्या. फरक होता तो वागण्याच्या क्रमात: चाटायला घेतलं की सोडायचं, पाजायला बसलं की उठायचं, परत यायचं. सगळं तुटक. ही पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांना गोड पाण्याची ओढ कमी होती आणि सोबत्यांशी खेळण्यात रस कमी होता. आनंद घ्यायची यंत्रणाच त्यांच्यात अशक्त राहिली होती. पुढं माणसांच्या आया आणि बाळांचं वागणं टिपूनही याच गटानं दाखवलं, की आईकडून मिळणारे इशारे किती अंदाजात बसतात याचा मुलांच्या पुढच्या वाढीशी संबंध असतो.

प्राण्यांवरून माणसाकडं थेट उडी मारू नये, हे खरंच. तरी या प्रयोगातली एक गोष्ट विसरता कामा नये. दोन्ही गटांतल्या माद्या सारख्याच होत्या, कुठली मादी कुठल्या गटात हे माणसांनी ठरवलं होतं. कमी पडलं ते सामान. उसाच्या फडावरच्या आईला ‘बाळाशी बोला, बाळाला वेळ द्या’ असं सांगणारं पत्रक देताना हे आठवावं. तिची माया आटलेली नाही. ती सलग देता येईल असं पाणी, पाळणाघर, बाळंतपणानंतरची रजा आणि मजुरी तिच्याकडं नाही.

हालांचे दोन प्रकार वेगळे धरायला हवेत, असं केटी मॅकलॉक्लिन आणि मार्गारेट शेरिडन या संशोधक सांगतात. एक धाक-मारहाणीचा, दुसरा उणिवेचा, म्हणजे बोलणं, खेळणं, लक्ष हे मिळायला हवं तेवढं न मिळण्याचा. धाकानं मुख्यतः बिथरण्याची बाजू तापते. उणिवेनं भाषा, समज आणि स्वतःला आवरण्याची शक्ती मागं राहते. एकाच घरात दोन्ही असू शकतं, पण इलाज वेगवेगळे लागतात.

१९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासातून बालपणीच्या हालांची जी यादी प्रसिद्ध केली, ती आज जगभर वापरली जाते: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन, आईला मार वगैरे. यादीतली कलमं जितकी जास्त, तितके मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार जास्त, असं त्यात दिसलं. पण ती यादी दवाखान्याचा विमा असलेल्या शहरी अमेरिकन माणसांना विचारून झालेली. तिच्यात दुष्काळ नाही, स्थलांतर नाही, उचल फिटली नाही म्हणून मुकादमानं अडवून ठेवलेला बाप नाही. शिवाय ती लोकसंख्येचा कल सांगते. एका लेकराचं भविष्य तिच्यावरून वर्तवता येत नाही. शाळांनी मुलांना गुण देऊन याद्या भरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रडायचं थांबलेलं लेकरू

आता त्या शहाण्या लेकराकडं येते. १९५० च्या आसपास इंग्लंडमधल्या दवाखान्यांत दाखल लहान मुलांना आई-बापांनी फार थोडा वेळच भेटायचं, कुठं कुठं आठवड्यातून एकदाच, असा नियम असे. आई भेटून गेली की मूल रडतं, म्हणून ती न आलेलीच बरी, असा परिचारिकांचा अनुभव होता. पहिले काही दिवस आकांत, मग मूल ‘रुळतं’, असं सगळे समजत. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी ही मुलं दिवसेंदिवस बघितली आणि रुळण्याचा अर्थच उलटा असल्याचं सांगितलं. आधी निषेध, मग निराशा, मग अलिप्तता, अशा तीन पायऱ्या त्यांनी मांडल्या. गप्प झालेलं मूल समाधानी नव्हतं, त्यानं आशा सोडली होती. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनं भेटीचे नियम सैल करायला सांगितले, त्यामागं या निरीक्षणांचा मोठा वाटा होता.

मार्टन डी व्रीस यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मासाई लोकांत दुष्काळाच्या काळात केलेली पाहणीही इथं सांगायला हवी. आधी त्यांनी बाळांचा स्वभाव नोंदवला होता: कोण शांत, कोण रडकं. दुष्काळानंतर परत शोध घेतला तेव्हा रडक्या बाळांतली जास्त जगली होती, शांत बाळांतली जास्त दगावली होती. बाळांची संख्या फारच थोडी होती, त्यामुळं यावर मोठा नियम बांधता येत नाही. पण एक शक्यता समोर येते: जे रडतं त्याला पाजलं जातं. टंचाईत शांत लेकरू मागं राहतं.

एका अंगणवाडीत अशीच एक मुलगी बघितली होती. चार वर्षांची, दोन हंगाम फडावर काढून आलेली. पडली तरी रडायची नाही. उठायची, गुडघा झाडायची आणि कुणी बघतंय का हे न बघता जागेवर येऊन बसायची. खिचडी वाटली की निम्मी खायची, निम्मी फ्रॉकच्या घोळात दाबून ठेवायची. आजीच्या तोंडी तिचं कौतुक मावत नव्हतं. ताईंनी मात्र ते ओळखलं. त्यांनी फार काही केलं नाही. रोज दारात तिचं नाव घेऊन हात धरायचा, चप्पल एकाच जागी ठेवायला लावायची, खिचडी वाढताना ‘संपली की अजून आहे’ म्हणायचं आणि खरंच परत वाढायचं. ती पडली की रडायची वाट न बघता जवळ जाऊन फुंकर घालायची. पावसाळा सुरू झाला तसं एक दिवस तिनं शेजारच्या पोराच्या हातातला खडू हिसकला, त्याला ढकललं आणि भोकाड पसरलं. आजीला वाटलं पोर बिघडली. ताईंना आनंद झाला, आणि तो बरोबर होता. रडलं तर कुणीतरी येतं, हा भरवसा बसल्याशिवाय लेकरू असं रडत नाही.

‘कुणाकडं बी जातोय’ हे लक्षणही नीट बघावं लागतं. आपल्या घरांत चुलत्या, आत्या, शेजारणी लेकराला उचलतात. अशा ओळखीच्या दहा माणसांकडं लेकरू हसत जात असेल तर उत्तमच. पण बाजारात पूर्ण अनोळखी माणसाचं बोट धरून चालू लागणारं, मागं वळून आपलं माणूस आहे का हेही न बघणारं लेकरू वेगळं. रोमानियातल्या अनाथालयांत वाढलेल्या मुलांमध्ये हे फार दिसलं. १९८९ मध्ये तिथली राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत लाखावर मुलं होती, आणि एकेका बाईकडं कितीतरी बाळं. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास हाती घेतला. निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक-कुटुंबांत पाठवलं. संस्थेत राहिलेल्या मुलांच्या अंगातली ताणाची यंत्रणा पुढं मंद निघाली; घाबरायच्या प्रसंगीही कॉर्टिसॉल हवं तसं वाढत नव्हतं. म्हणजे लेकरू शांत दिसलं तर आतही शांत असेलच असं नाही. कधी यंत्रणा सतत तापलेली असते, कधी थकून निजलेली.

किती बदलतं

त्याच बुखारेस्टच्या मुलांत, दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांची ताणाची यंत्रणा घरी वाढलेल्या मुलांसारखी चालायला लागली. माणसाशी जीव जडण्याची क्षमताही लवकर गेलेल्यांत चांगली सुधारली. उशिरा गेलेल्यांनाही फायदा झाला, पण कमी. दार बंद होत नाही, जड होत जातं.

मेगन गुन्नार यांच्या गटाचा १९९६ चा एक अभ्यास मला नेहमी आठवतो. दीड वर्षांच्या मुलांना नव्या, थोड्या भीतीदायक गोष्टी दाखवल्या आणि लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. बुजऱ्या मुलांपैकी ज्यांचं आईशी नातं भरवशाचं नव्हतं, त्यांचं कॉर्टिसॉल वाढलं. तितकीच बुजरी, पण आईचा भरवसा असलेली मुलंही आईला चिकटली, घाबरली. त्यांचं कॉर्टिसॉल मात्र वाढलं नाही. स्वभाव तोच राहिला, त्याची शरीराला पडणारी किंमत बदलली. बुजऱ्या लेकराला धीट करायच्या खटाटोपापेक्षा त्याला धरून उभं राहणारं माणूस मिळवून देणं जास्त कामाचं, ते यामुळं.

जे बाळ मुळातच किरकिरं आणि हळवं असतं, त्याला हालांचा फटका जास्त बसतो हे जुनंच निरीक्षण आहे. मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांनी त्यात भर घातली, की अशाच बाळांना चांगल्या सांभाळाचा लाभही इतरांपेक्षा जास्त होतो. ज्याच्यावर सगळं घर वैतागलेलं असतं, त्याच्याच बाबतीत केलेले कष्ट सर्वांत जास्त फळतात.

जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी केलेलं काम तर आपल्या अंगणवाडीच्या फार जवळचं. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १२९ खुरटलेल्या मुलांना घेऊन १९८० च्या दशकात ते सुरू झालं. काही मुलांच्या घरी वस्तीपातळीवरची आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाई, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेई आणि आईला लेकराशी खेळायला, बोलायला दाखवी. दोन वर्षं एवढंच. वीस वर्षांनी ही मुलं इतरांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त कमावत होती. त्यांच्यात नैराश्य आणि मारामाऱ्याही कमी होत्या. आणि हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर यांनी कित्येक दशकं लक्ष ठेवलं. सर्वांत वाईट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्ती निघाली. त्यांच्यात वारंवार एक गोष्ट आढळली: आई-बाप कमी पडले तिथं आजी, मावशी, शिक्षक असं एखादं न सोडणारं माणूस त्यांना मिळालं होतं.

गावात आणि फडावर

लेकरू फडावर न्यावंच लागत असेल तर सगळा दिवस सावरणं आईच्या हातात नसतं, पण एखादी वेळ पक्की धरता येते. रात्री निजवताना तीच ओवी, तेच पांघरूण, तोच हात. दिवस कसाही गेला तरी ही एक गोष्ट चुकत नाही, हे लेकराच्या अंगाला कळतं. राखणाऱ्या बहिणीलाही ती वेळ द्यायला हवी. तिचं स्वतःचं लहानपण त्याच झोळीच्या दोरीला बांधलेलं असतं. टोळीतल्या एका बाईला मजुरी देऊन तिच्याकडं सगळी लेकरं सोपवणं हे कारखान्याला आणि मुकादमाला सहज परवडणारं काम आहे. ते दरवर्षी मागायला हवं.

मास्तरांनी आणि बाईंनी करण्यासारखं: हंगामाहून आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात दिवसाचा क्रम रोज तोंडानं सांगणं. आता प्रार्थना, मग गणित, मग जेवण, मग घर. आवाज चढवायचा असेल तर आधी इशारा देणं. मारणं अजिबात नाही. कायद्यानंही त्याला बंदी आहे, आणि ऑटो लावून बसलेल्या पोराला मारून शिस्त लागत नाही, धोका खरा होता एवढंच त्याला पटतं.

शेतकरी बापानं जीव दिलेल्या घरांविषयी वेगळं लिहायला हवं, पण एक गोष्ट इथंच सांगते. अशा घरात लेकराला ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगतात आणि मोठी माणसं कुजबुजत राहतात. लेकरू वाट बघतं, आणि आपण काहीतरी केलं म्हणून बाबा येत नाहीत असं धरून चालतं. त्याला साध्या शब्दांत सांगावं: बाबा मरण पावले, ते परत येणार नाहीत, त्यात तुझी काही चूक नाही, तुला मी सांभाळणार आहे. पुन्हा पुन्हा विचारलं तर पुन्हा पुन्हा तेच सांगावं. आईला स्वतःलाच उभं राहवत नसेल तर १४४१६ या टेलि-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट. लेकराला मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन.

उरली निघण्याची वेळ. मागं राहणारं लेकरू रडू नये म्हणून बरेच आई-बाप ते झोपेत असतानाच गाडीत बसतात. त्या वेळचं रडणं टळतं, पण पुढं कित्येक रात्री लेकरू झोपायलाच भितं, कारण झोपलं की माणसं जातात हे ते शिकलेलं असतं. जागेपणी सांगून, जवळ घेऊन, रडू देऊन निघावं. आईचं वापरलेलं लुगडं आजीकडं ठेवावं. फोन जमेल तेव्हा नको, ठरलेल्या वेळी करावा, आठवड्यातून दोनदाच जमला तरी चालेल. आणि एप्रिलमध्ये परत आल्यावर लेकरू आजीच्या मागं लपलं, आईला ओळख दाखवीना झालं, तर ते विसरलंय असं समजून हिरमुसू नये, ओढून मांडीवरही घेऊ नये. रॉबर्टसन-बोल्बींनी सांगितलेली ती तिसरी पायरी असते. त्याच्या जवळ बसून आपलं काम करत राहावं, त्याला येऊ द्यावं. काही दिवसांनी ते येतं, आणि आलं की बहुधा आधी चिडतं, मारतं, रात्री पदर सोडत नाही. या वेळी त्याला आजीकडं परत लोटू नये.